स्ट्रॉबेरीचे रोप, हळदीचे पेव आणि परमुलखाचे करार

कृष्णामाई क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते, वाईच्या घाटांना भिजवत खाली उतरते आणि कऱ्हाड, सांगली करीत पुढे जाते. तिच्या उगमाशी स्ट्रॉबेरी पिकते, वाटेवर ऊस आणि सोयाबीन उभे असते, खाली सांगलीच्या बाजारात हळद आणि बेदाण्याचे सौदे होतात. आणि दोन्ही काठांवर, जिथे म्हणून दावण आहे, तिथे सकाळ-संध्याकाळ दूध निघते. एका नदीच्या काठावरचा हा संसार पाहिला तर वाटते, की याचा अमेरिकेशी, जपानशी, न्यूझीलंडशी काय संबंध? तो संबंध आहे, आणि दिवसेंदिवस घट्ट होत चालला आहे. तो कसा, हे शेतकऱ्याच्या घरात सर्वांनी समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्ट्रॉबेरीपासूनच सुरुवात करू. भिलार, पाचगणी, मेटगुताड या बाजूला आज जी स्ट्रॉबेरी दिसते तिचे मूळचे दोन्ही पूर्वज अमेरिका खंडातले. एक उत्तर अमेरिकेतला, दुसरा दक्षिणेकडच्या चिलीतला. अठराव्या शतकात युरोपात त्या दोघांचा संकर झाला आणि आजचे टपोरे फळ जन्माला आले. इंग्रजांच्या काळात ते महाबळेश्वरच्या थंड हवेत आले. पुढे चांडलर, सेल्व्हा, कॅमारोझा हे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे वाण आणि स्वीट चार्ली, विंटर डॉन हे फ्लोरिडा विद्यापीठाचे वाण आपल्या गादीवाफ्यांवर रुळले. परदेशातून मातृरोपे येतात, त्यांच्या धाग्यांपासून रोपवाटिकेत रोपे तयार होतात आणि पावसाळा ओसरला की लागण सुरू होते. भारतात पिकणाऱ्या स्ट्रॉबेरीचा बहुतांश वाटा याच डोंगरावरचा. २०१० साली 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला भौगोलिक मानांकनही मिळाले.

म्हणजे बघा, रोप परमुलखाचे, माती आपली, घाम आपला आणि नावही आपले. आता प्रश्न असा, की या मालाच्या भावावर आणि या रोपाच्या हक्कावर शब्द कोणाचा चालणार? त्याचे उत्तर शोधायचे तर आधी आशियातल्या देशांनी मांडलेली सावड समजून घ्यायला हवी.

देशादेशांची सावड

आपल्याकडे सावड असते. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. चार घरे एकत्र आली की मजुरी वाचते, काम वेळेवर होते. पण सावडीला नियम असतो. ज्याच्याकडे दहा एकर आहे आणि ज्याच्याकडे दहा गुंठे आहेत, त्यांनी एकाच सावडीत जायचे म्हटले तर दहा गुंठेवाल्याने जरा विचार करावा, नाहीतर त्याचे सारे दिवस दुसऱ्याच्या रानातच जायचे.

देशांचेही तसेच. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे. गाडी थांबायची, पावती फाटायची, मगच माल आत जायचा. देशाच्या वेशीवरही असाच नाका असतो. त्याला आयातकर म्हणतात. काही देश एकत्र येऊन ठरवतात, की आपसात हा कर कमी करू किंवा काढून टाकू. तोच मुक्त व्यापाराचा करार.

आग्नेय आशियातल्या देशांनी 'आसियान' ही संघटना ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकला स्थापन केली. भारताने या आसियान देशांशी मालाच्या व्यापाराचा करार २००९ साली केला आणि तो १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. स्वयंपाकघरात याची खूण दिसते. मलेशिया-इंडोनेशियाचे पाम तेल घाण्यावरच्या शेंगतेलाची जागा घेऊन बसले आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. घरात तेलाचा डबा स्वस्त झाला की गृहिणीला बरे वाटते, पण त्याच घरात भुईमूग किंवा सोयाबीन असेल तर धन्याच्या कपाळाला आठी पडते. एकाच उंबऱ्याच्या आत नफा आणि तोटा दोन्ही नांदतात. करार चांगला की वाईट, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर का नसते, ते यावरून कळावे.

अमेरिकेचे येणे-जाणे

आता अमेरिका कुठे आली? अमेरिका आशियात नाही, पण आशियाच्या बाजारात तिचे बसणे-उठणे फार जुने आहे. १९६६ साली मनिला येथे आशियाई विकास बँक निघाली तेव्हा जपानबरोबर अमेरिका मोठी भागीदार होती. १९८९ साली ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा येथे 'एपेक' ही पॅसिफिक महासागराभोवतीच्या देशांची मंडळी जमली, तिच्या पहिल्या बारा सभासदांत अमेरिका होती. भारत त्यात नव्हता आणि पुढेही त्याला जागा मिळाली नाही. १९९० साली मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी कल्पना मांडली, की पूर्व आशियातल्या देशांनी आपलाच वेगळा गट करावा. अमेरिकेने त्याला विरोध केला. आपल्याला वगळून पंगत बसावी, हे तिला मान्य नव्हते.

पुढे अमेरिकेने स्वतःच पंगत मांडली. 'ट्रान्स पॅसिफिक भागीदारी' नावाचा मोठा करार ४ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यूझीलंडमधल्या ऑकलंड येथे बारा देशांनी सह्या करून मांडला. अमेरिका, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, व्हिएतनाम असे देश त्यात होते, चीन आणि भारत नव्हते. पण वर्ष उलटायच्या आत अमेरिकेत सत्ता बदलली आणि २३ जानेवारी २०१७ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यातून अंग काढून घेतले. ज्याने आमंत्रणे दिली तोच पानावरून उठला! उरलेल्या अकरा देशांनी मात्र पंगत मोडली नाही. ८ मार्च २०१८ रोजी चिलीतल्या सांतियागोला त्यांनी सह्या केल्या आणि त्या वर्षअखेर करार लागूही झाला.

यानंतर २३ मे २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी टोकियोत 'हिंद-प्रशांत आर्थिक चौकट' जाहीर केली. तिच्यात एकंदर १४ देश आले, भारतही आला. तिचे चार खांब होते: व्यापार, पुरवठ्याची साखळी, स्वच्छ ऊर्जा आणि भ्रष्टाचार-करचुकवेगिरीला आळा. भारताने तीन खांबांना हात लावला आणि व्यापाराच्या खांबापासून दूर राहिला. या चौकटीची गंमत अशी, की तिच्यात आयातकर कमी करण्याचा मुद्दाच नव्हता. अमेरिकेने आपला बाजार कोणाला उघडून दिला नाही. बाजार न देता नियम मात्र द्यायचे, असा तो प्रकार. आपल्या गावच्या भाषेत, रान कसायला द्यायचे नाही, पण पेरणी कशी करायची ते सांगायचे.

मग २०२५ साल उजाडले. एप्रिलमध्ये अमेरिकेने जवळजवळ सगळ्याच देशांवर नवे कर जाहीर केले. ऑगस्टमध्ये भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि आपण रशियाचे तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के, असा ५० टक्के जादा कर बसला. नोव्हेंबरात चहा, कॉफी, मसाले, केळी अशा बऱ्याच शेतमालाला त्यातल्या 'परस्पर करा'तून त्याच सरकारने सूट दिली. का दिली? तिकडच्या घरांतला वाणसामानाचा खर्च वाढला आणि लोकांची कुरकुर सुरू झाली म्हणून. गृहिणीच्या पिशवीपुढे कोणत्याही देशाचे सरकार नमते, हे यातून दिसले. असे कर वर्षाच्या आत चढतात आणि उतरतात. त्यांच्या भरवशावर पाच वर्षांची बाग लावणे धोक्याचे.

बँकॉकचा निर्णय आणि आपली म्हैस

आशियातला सर्वांत मोठा करार अमेरिकेविना झाला. आसियानचे दहा देश, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत, असे सोळा जण २०१२ पासून वाटाघाटी करीत होते. त्याचे नाव 'आरसेप', म्हणजे प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकच्या बैठकीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भारत त्यात सामील होणार नाही असे सांगितले. उरलेल्या पंधरांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला.

आपण बाहेर का राहिलो? चीनच्या कारखानी मालाची भीती होतीच, पण खेड्यात जास्त चर्चा झाली ती दुधाची. न्यूझीलंडची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या शहराहून कमी, पण दूध पावडर विकण्यात तो देश जगात पुढे. तिथल्या एका गोठ्यात शेकडो गाई. आपल्याकडे दोन म्हशी किंवा तीन संकरित गाई, त्यांची धार काढणारी घरची सून आणि दर दहा दिवसांनी मिळणारा दुधाचा पगार. मुलांच्या वह्या, दवाखाना, किराणा हे सारे या पगारावर चालते. ऊस वर्षाने पैसा देतो, द्राक्ष एखाद्या वर्षी दगा देते, दूध मात्र रोज घरात येते. दूध पावडरीवर आपल्या देशाने ६० टक्के आयातकर ठेवला आहे, तो या घरांच्या पाठीशी उभा असलेला बांध आहे. तो बांध फुटू नये म्हणून देशभर शेतकरी संघटनांनी आणि सहकारी दूधसंघांनी आवाज उठवला होता. पुढे ऑस्ट्रेलियाशी जो करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, त्यात दूध वगळले गेले, यामागेही तोच विचार होता.

अमेरिकेशी बोलणी होतात तेव्हाही दुधाचा मुद्दा अडतो. भारताचे म्हणणे असे, की ज्या जनावरांना मांस, हाडे, रक्त यांपासून केलेले खाद्य घातले त्यांचे दूध आम्हाला नको, तसा दाखला द्या. अमेरिकेला ही अट जाचक वाटते. मक्याचे आणि सोयाबीनचेही असेच. तिकडचे बहुतेक पीक जनुक बदललेल्या वाणाचे, आणि आपल्याकडे तसे खाद्यपीक पेरायला मोकळीक नाही. तरीही २०२१ च्या ऑगस्टमध्ये कुक्कुटपालनासाठी अशा सोयाबीनच्या पेंडीला १२ लाख टनांपर्यंत आयातीची परवानगी दिली गेली. कोंबडीवाल्याला दिलासा मिळाला, सोयाबीनवाल्याची तक्रार झाली. सातारा-सांगलीत हे दोघेही आहेत, कधी कधी एकाच घरात.

मात्र बाहेर राहण्याचीही किंमत असते, हे विसरू नये. पंधरा देश आपसात माल देतात-घेतात तेव्हा आपल्या मालाला तिथे कर जास्त पडतो. शेजारच्या गावची यात्रा भरली आणि आपण वेशीबाहेर दुकान लावले, तर गिऱ्हाईक कमीच येणार. म्हणून 'सगळे दरवाजे बंद करा' हेही उत्तर नाही. बेदाणा, हळद, द्राक्ष हा माल परमुलखात जातो म्हणून भाव टिकतो, हे सांगली-तासगावच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

रोपावर हक्क कोणाचा?

कराची चर्चा वर्तमानपत्रात होते. पण या करारांत आणखी एक कलम असते. त्याची चर्चा कमी होते आणि महाबळेश्वरच्या शेतकऱ्याला ते सर्वांत जवळचे आहे. ते म्हणजे वाणाच्या मालकीचे कलम.

अमेरिकेने मांडलेल्या त्या ट्रान्स पॅसिफिक करारात अशी अट होती, की सभासद देशांनी 'युपोव्ह' नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराचा १९९१ चा मसुदा स्वीकारावा. त्यात नवा वाण काढणाऱ्याचा हक्क फार बळकट आहे. शेतकऱ्याने असे बियाणे घरी राखून वापरावे की नाही, ही सवलत त्या त्या देशाच्या मर्जीवर आणि मर्यादेत. विकण्याची तर सोयच नाही. अमेरिका उठून गेली तेव्हा उरलेल्या अकरांनी तिच्या आग्रहाची बावीस कलमे बाजूला ठेवली, पण वाणाच्या मालकीची ही अट तशीच ठेवली. पाहुणा गेला, त्याने आखलेली रेघ राहिली. म्हणून म्हणतो, अमेरिका करारात आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. तिने रुजवलेले नियम ती नसतानाही चालू राहतात.

आपला कायदा वेगळा आहे. २००१ च्या 'पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क' कायद्याने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त कंपनीच्या छापाने, ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. आणि बियाणे या शब्दात या कायद्याने रोपे, कंद, कलमे हेही धरले आहे. म्हणजे हळदीचे बेणे, स्ट्रॉबेरीचे रोप हे सारे त्यात येते. असा कायदा जगात फार थोड्या देशांत आहे.

हा हक्क कागदावरचा नाही, हे गुजरातेत दिसले. २०१९ साली पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या एका नोंदणीकृत वाणावरून तिथल्या काही शेतकऱ्यांवर दावे लावले. काही जणांकडून तर प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाई मागितली. चार एकरांचा धनी एक कोटी कुठून आणणार? देशभर ओरड झाली आणि कंपनीने मे २०१९ मध्ये दावे मागे घेतले. त्या वाणाच्या नोंदणीचा वाद पुढे चालूच राहिला. २०२१ मध्ये प्राधिकरणाने नोंदणी रद्द केली आणि २०२४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. शेतकऱ्यांवरचे दावे मागे घेतले गेले, पण कंपनीने नोंदणी सोडली नाही. यातून घ्यायचा बोध एवढाच, की आपल्या हक्काचे कलम आपल्याला पाठ असावे.

कोणी म्हणेल, वाण काढणाऱ्याने कष्ट केले, त्याला मोबदला नको का? जरूर हवा. कॅलिफोर्नियात आणि फ्लोरिडात शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खपून हे वाण काढले नसते, तर महाबळेश्वरचा हंगाम असा बहरला नसता. पण सुधारणा फक्त प्रयोगशाळेत होते असे नाही. द्राक्षाचेच पाहा. थॉम्पसन सीडलेस हे वाण मूळचे पश्चिम आशियातले, नाव पडले कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉम्पसन या बागायतदारावरून. ते आपल्याकडे आले आणि आपल्या शेतकऱ्यांनी त्यातूनच वेगळ्या वेली हेरल्या. तासगाव तालुक्यात 'तास-ए-गणेश' निघाला, सोलापूरकडे नान्नजला 'सोनाका' निघाला. शेतकऱ्याने रोप राखायचेच नाही असा नियम त्या काळी असता, तर ही वाणे निघाली असती का? प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

हळदीची लढाई

हक्क राखला तर राहतो, याचे उदाहरण सांगलीच्या हळदीतच आहे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मिळाले. बोटाला विळी लागली की चिमूटभर हळद दाबायची, हे आपल्या आजीला ठाऊक, तिच्या आजीला ठाऊक. तो शोध आता परक्याच्या नावावर! भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, या पेटंटला आव्हान दिले. संस्कृत ग्रंथांतले आणि जुन्या नियतकालिकांतले पुरावे गोळा करून अमेरिकेच्याच पेटंट कार्यालयापुढे मांडले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, अमेरिकेच्या कचेरीत न्याय मिळाला. ती दारे बंद नाहीत. दुसरी, न्याय मिळाला तो लिहून ठेवलेल्या पुराव्यामुळे. आजीचे तोंडी ज्ञान तिथे पुरले नसते. हरिपूरच्या जमिनीत हळद साठवण्याची पेवे ही अशीच एक विद्या. त्या मातीत खोल खणलेल्या पेवात हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुरात पेवांचे फार नुकसान झाले. २०१८ साली 'सांगली हळदी'ला भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट. पण पेव कसे खणतात, कसे भरतात हे जाणणारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून ते कोणीतरी नीट लिहून घ्यायला हवे.

करापेक्षा कागद कडक

परमुलखात माल पाठवताना कर किती हे तर पाहावेच, पण त्याहून कागद सांभाळावा. २००७ साली अमेरिकेने बऱ्याच वर्षांनी भारतीय आंब्याला दार उघडले, ते किरणोत्सर्जनाची प्रक्रिया करण्याच्या अटीवर. लासलगावच्या केंद्रात ते काम सुरू झाले. प्रक्रिया होताना अमेरिकेचा निरीक्षक हजर हवा, त्याची सही हवी. २०२५ च्या मे महिन्यात कागदपत्रांतल्या त्रुटींवरून आंब्याच्या सुमारे पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. परत आणायचा खर्च मालापेक्षा जास्त, म्हणून आंबा तिथेच नष्ट केला. कराने दहा-वीस टक्के जातात, कागदाने शंभर टक्के जातात.

युरोपानेही २०१० साली असाच धडा शिकवला. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सापडला आणि आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. तेव्हापासून बागायतदार फवारणीची वही काळजीने ठेवू लागले, आणि आज ती वही म्हणजे बागेची पतपत्रिका झाली आहे.

आणि नियम दुसऱ्यांनाही लावून घ्यावे लागतात. आपल्या शेजारी देशांशी सवलतीचे करार आहेत. त्यांच्या दारातून तिसऱ्याच देशाचा माल स्वस्तात आत येऊ शकतो. २०२५ साली सांगली भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी तक्रार केली, की चीनचा बेदाणा अशा आडवाटेने येऊन आपला भाव पाडतो आहे. माल खरोखर कोणत्या देशात पिकला याच्या दाखल्याचे नियम करारात असतात. ते नियम घट्ट असले आणि नाक्यावरचा माणूस जागा असला, तरच बांध टिकतो.

तिकडचा शेतकरीही सुखात नाही

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हजार एकरांचा मालक उभा राहतो. पण त्यालाही या खेळाचे चटके बसले आहेत. त्याचे सरकार त्या पॅसिफिक करारातून उठून गेले आणि २०१९ साली जपानात ऑस्ट्रेलियाच्या गोमांसावर २६.६ टक्के कर आणि अमेरिकेच्या गोमांसावर ३८.५ टक्के, अशी तफावत पडली. अखेर अमेरिकेला जपानशी वेगळा समझोता करावा लागला. २०१८ साली अमेरिकेने चीनवर कर लावले, चीनने उलट अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के कर लावला आणि ब्राझीलकडून खरेदी वाढवली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला. मात्र फरक इथे आहे. अमेरिकेच्या सरकारने आपल्या शेतकऱ्यांसाठी २०१८ मध्ये १२ अब्ज आणि २०१९ मध्ये १६ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. दोन म्हशींच्या धन्यामागे एवढी थैली उभी नसते. म्हणून त्याचा आयातकराचा बांध जपणे म्हणजे हट्ट नव्हे, ती त्याची एकुलती ढाल आहे.

आपण काय करावे?

टोकियो आणि बँकॉकच्या बैठकीला आपल्याला कोणी बोलावणार नाही. पण घरी बसून करण्यासारखे बरेच आहे.

पहिले, रोपांची नोंद ठेवावी. स्ट्रॉबेरीचे मातृरोप कोणाकडून घेतले, कोणता वाण, किती रोपे, केव्हा लावली, हे पावतीसह वहीत असावे. उद्या हक्काचा प्रश्न आला तर तोंडी बोलणे चालत नाही, हे हळदीने शिकवले आहे.

दुसरे, फवारणीची वही. हे काम शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीवर सोपवावे. त्यांचे अक्षर चांगले असते आणि घरच्या शेतीत त्यांचे मनही लागते.

तिसरे, मानांकनाचा उपयोग करून घ्यावा. महाबळेश्वर स्ट्रॉबेरी आणि सांगली हळद यांना मानांकन आहे, पण त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून शेतकऱ्याने स्वतःची नोंद करावी लागते. नोंद न करता मानांकन म्हणजे कुलूप आपले आणि किल्ली शेजाऱ्याकडे.

चौथे, सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत. निर्यातीचा माल, देशी बाजाराचा माल आणि प्रक्रियेचा माल असे तीन वाटे असावेत. पेटीत न बसणारी स्ट्रॉबेरी जॅम आणि सरबताला जाते, म्हणूनच डोंगरावरचा शेतकरी पडत्या भावातही तग धरतो.

पाचवे, एकत्र यावे. गट असो, सोसायटी असो, शेतकरी कंपनी असो. माल तपासणे, कागद करणे, तक्रार मांडणे ही एकट्यादुकट्याची कामे नव्हेत. सावड आपल्याला शिकवावी लागत नाही, फक्त ती रानातून बाजारापर्यंत न्यायची आहे.

आणि मायबहिणींना एक वेगळी विनंती. दुधाचा हिशेब तुमच्याच हातात असतो. पेंड किती रुपयांची, दूध किती लिटर, हातात उरले काय, हे महिन्याच्या महिन्याला मांडून ठेवा. उद्या कोणी म्हणाले, की बाहेरची पावडर आल्याने तुमचे काही बिघडत नाही, तर तुमची वही त्याला उत्तर देईल. आमदार-खासदार गावात येतात तेव्हा हार-तुऱ्याबरोबर हा हिशेबही त्यांच्या हाती द्यावा आणि विचारावे, की पुढच्या करारात दुधाचे काय, बियाण्याच्या हक्काचे काय?

परदेशाशी देवाण-घेवाण आपल्याला नवी नाही. स्ट्रॉबेरी बाहेरून आली, द्राक्षाचे वाण बाहेरून आले, रोजच्या जेवणातली मिरची, बटाटा आणि टोमॅटोसुद्धा अमेरिका खंडातून आले. आपण ते सगळे सामावून घेतले, कारण ते आले तेव्हा आपल्या मातीत आपल्या हाताने लावता आले. तेव्हा यापुढेही माल येवो, वाण येवो, करार होवोत. फक्त सही करणाऱ्याने एवढे पाहावे, की आपले रोप आपल्याला राखता येईल आणि आपल्या दावणीची म्हैस दावणीलाच राहील.